मदत हवी आहे: समोरच्या छतावर मोबाइल टॉवर येतोय (नागपूर)

छतावरचा:
नमस्कार मंडळी. मानेवाड्याच्या बाजूला एका जुन्या लेआउटमध्ये राहतो. सगळी स्वतंत्र घरं, त्यामुळे सोसायटी नाही, अध्यक्ष नाही, ठराव नाही. रस्त्यापलीकडे काकाजींचं घर. मागच्या आठवड्यात त्यांच्या छतावर लोखंडी अँगल चढले. विचारलं तेव्हा कळलं, टॉवर येतोय. मला आधी वाटलं काकाजींना कोणी गंडवलं. 'टॉवर लावून देतो, आधी फी भरा' वाले फोन कोणाला आले नाहीत? पण त्यांनी एक रुपया दिलेला नाही, उलट आगाऊ भाडं घेतलंय. म्हणजे प्रकरण खरं आहे.

गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप तेव्हापासून पेटलाय. चिमण्या मेल्या, कॅन्सर होतो, घराची किंमत पडते, सगळं येऊन गेलं. परवा एकाने लिहिलं, काकाजींकडे यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला कोणी जायचं नाही. मी त्या पंगतीत अठरा वर्षं जेवलोय. काकाजींना पेन्शन नाही, मुलगा पुण्यात. भाडं घेऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय खरं सांगायचं तर आमच्या खालच्या मजल्यावर रेंजच येत नाही. फोन आला की मी फाटकापाशी पळतो.

माझी अडचण वेगळी आहे. त्यांचं घर एक मजली, आमचं दोन मजली. पोल उभा झाला की अँटेना बरोबर आमच्या छताच्या उंचीला येणार, आणि मधे फक्त 30 फुटी रस्ता. मे महिन्यात लाइट गेली की आम्ही सगळे छतावर झोपतो, म्हातारी आईसुद्धा. दुसरं, डिझेल जनरेटर त्यांच्या साइड मार्जिनमध्ये ठेवणार म्हणतात. ग्रुपवरच्या निवेदनावर सही करायला सगळे मागे लागलेत. त्यात 'टॉवर हटवा' एवढंच आहे. सही करू का? की दुसरं काही लिहायला पाहिजे, आणि कोणाकडे?

बिनतारी:
भाऊ, या धंद्यात बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. तुमची शंका ग्रुपवरच्या सगळ्यांपेक्षा शहाणी आहे. अँटेनाचा झोत आडवा जातो, खाली नाही. कूलर घ्या. समोर बसलेल्याला गार वारा, आणि कूलरच्या खाली बसलेला घामाघूम. काकाजींच्या घरातल्यांना त्या अँटेनाचं जवळपास काही लागणार नाही, समोर त्याच उंचीवर असलेल्या तुमच्या छताला लागेल. दूरसंचार विभागाने राज्यांना दिलेल्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत नेमकं हेच होतं. अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर इमारत असेल तर एका अँटेनासाठी 20 मीटर, दोनसाठी 35, चारसाठी 45 मीटर अंतर. रस्ता आणि दोन्ही घरांचं समोरचं मार्जिन धरून तुमचं अंतर किती भरतं ते टेपने मोजा.

हे आकडे ढोबळ आहेत, शेवटी बघतात ती मोजलेली पातळी. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे: 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला 0.45 वॅट, 2000 च्या वर 1 वॅट. टॉवर चालू झाल्यावर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर त्याची माहिती दिसते. 4000 रुपये भरून तुमच्या छतावर मोजणीही मागता येते.

धरमपेठी:
हे सगळं कंपनीच्या बाजूचं झालं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरी 2बी गटात टाकल्या. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरचा एक टॉवर बंद करायला लावला, तोही एका कॅन्सर झालेल्या घरकामगाराच्या अर्जावर. सही करा आणि लढा. गप्प बसाल तर उद्या प्रत्येक छतावर पोल दिसेल.

बिनतारी:
दोन्ही गोष्टी खऱ्या. पण 2बी म्हणजे 'शक्यता नाकारता येत नाही'. त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्क आहे आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही. दुसऱ्या बाजूचे निकालही बघा. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने टॉवरचं काम थांबवायचा ठराव केला, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण धोक्याचा पुरावा समोर नव्हता. जुही चावलाने 5जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात केलेला दावा 2021 मध्ये फेटाळला, वर 20 लाखांचा दंड (पुढे 2 लाख झाला). 'कॅन्सर' या एका शब्दावर निवेदन उभं कराल तर पहिल्याच टेबलवर पडेल.

नकाशा_पास:
'महापालिकेची परवानगी नाही म्हणून बेकायदेशीर' हेही लिहू नका. आधी लोक त्याच मुद्द्यावर जिंकत. 2022 मध्ये राइट ऑफ वे नियमांत (टॉवर, केबल उभारायचे केंद्राचे नियम) दुरुस्ती झाली. खाजगी जागेवरच्या टॉवरला परवानगी लागत नाही, पण काम सुरू करण्याआधी प्राधिकरणाला लेखी कळवावं लागतं. सोबत इमारतीचा तपशील आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. 1 जानेवारी 2025 पासून नवे 2024 चे नियम लागू आहेत, ते पण वाचून घ्या.

तुमच्यासाठी खरा कागद तो दाखला. लेआउट जुना आहे म्हणता, म्हणजे घर लोडबेअरिंग असेल, सगळा भार भिंतींवर, कॉलम नसतील. एप्रिल-मेमधलं आपल्याकडचं वादळ टिनाची शेडं उडवतं, तिथे पोलचं काय? महापालिकेच्या झोन ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागा: कळवल्याची प्रत, दाखला, आणि मार्जिनमध्ये जनरेटरची जागा दाखवणारा नकाशा. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आणि काकाजींना पण हा दाखला बघायला सांगा, छत त्यांचं आहे.

रातराणी:
रेडिएशनचं मला काही कळत नाही, जनरेटरचं कळतं. आमच्या बेडरूमच्या खिडकीपासून चार हातांवर आहे, तीन वर्षं झाली. लाइट गेली की तो सुरू, आणि उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते तुम्हाला माहीत आहे. धूर कूलरमधून सरळ घरात. नियमाप्रमाणे ध्वनिरोधक डबा लावलेल्या जनरेटरचा आवाज एक मीटरवर 75 डेसिबलपेक्षा जास्त नको, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 आहे. आम्ही बसल्यावर तक्रार केली, म्हणून आमचं कोणी ऐकत नाही. तुमचा अजून बसायचाय. आत्ताच अडवा बाबा, नंतर तो काही हलत नाही.

छतावरचा:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन काकाजींकडेच गेलो. लपवून काय मोजायचं? एक टोक त्यांनी धरलं, एक मी. त्यांच्या पोलच्या जागेपासून आमच्या छताच्या कठड्यापर्यंत साडेसोळा मीटर. 20 चा आकडा सांगितला तर म्हणाले, "अरे, मले कोनी सांगितलंच नाही ना बाप्पा." त्यांनीच कंपनीच्या माणसाला फोन लावून दिला. तो म्हणतो तीन अँटेना तीन दिशांना असतात, एकीचं तोंड आमच्याकडे आहे, ते फिरवता येईल किंवा पोल आणखी उंच करता येईल. जनरेटरऐवजी बॅटरी बँक ठेवता येते का ते विचारून सांगतो म्हणाला. दाखल्याचं विचारलं तर "आहे, आहे" म्हणाला, पाठवला मात्र नाही. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतोय.

ग्रुपवरच्या निवेदनावर सही केली नाही, त्यावरून सकाळपासून बोलणी खातोय. एकच विचारायचं राहिलं. अँटेना फिरवायचं काकाजींच्या करारात लिहून घ्यायचं, की कंपनीकडून वेगळं पत्र?

बिनतारी:
कंपनीकडून, ईमेलवर. प्रत्येक अँटेनाची दिशा अंशांत आणि जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये लिहून मागा. तोंडी कबूल करणारा माणूस तीन महिन्यांनी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो, आणि नवा येऊन 'नेटवर्क ऑप्टिमायझेशन' म्हणत तोंड परत तुमच्याकडे वळवतो. उभारणीच्या दिवशी छतावरून फोटो काढून ठेवा.

रातराणी:
आणि जनरेटरचं पण त्याच ईमेलमध्ये. विसरू नका.