‘सेट’ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दखोर: एका सूचनापत्रकाचं मराठी करायचं आहे. त्यात ‘टायमर सेट करा’, ‘सिमेंटचं मिश्रण सेट होऊ द्या’ आणि ‘चार स्क्रूंचा सेट’ असं तिन्ही आलंय. सगळीकडे ‘सेट’च ठेवलं तर चालेल का?

कोशकिडा: बोलताना चालतं, छापील पत्रकात घोटाळा होतो. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’वरून आलं, म्हणजे बसायला लावणं, आपलं ‘बसवणे’. समूह या अर्थाचं नाम जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पर्यंत जातं. पुढे दोघांची सरमिसळ झाली. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत, ती नोंदच ६०,००० शब्दांची!

‘बसवणे’ बऱ्याच ठिकाणी चपखल बसतं: कोंदणात खडा, मोडलेलं हाड, फरशी. पण गजर लावतात, ताटं मांडतात, परीक्षेचा पेपर काढतात, तारीख ठरवतात. सूर्य तर आपसूक मावळतो, तिथे कर्मच नाही. म्हणून आधी कोण कशाला सेट करतंय ते बघा. कर्म असेल तर लावणे, बसवणे, ठरवणे यांतलं एक निघतं. नसेल तर वस्तूचं नक्की काय होतंय ते विचारा.

ओळंबा: सिमेंटच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. ‘वाळू द्या’ असं भाषांतर सर्रास दिसतं आणि ते साफ चूक आहे. सिमेंट पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं, पाणी उडून गेल्याने नाही. वाचणारा ‘वाळू द्या’ वाचून पाणी मारणं बंद करतो, मग भेगा पडतात आणि ताकद येत नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलावा हवा, राखमिश्रित असेल तर १०.

भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटने ३० मिनिटांच्या आत घट्ट व्हायला लागता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत पुरतं घट्ट झालं पाहिजे. कालवलेला माल घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घालून पुन्हा सैल केला, तर तो कमजोर होतो. तेव्हा ‘घट्ट होऊ द्या’ लिहा.

विरजण: स्वयंपाकातही तेच. पिठलं आळतं, पण जेली आळत नाही. आळणं म्हणजे आचेवर पाणी आटून दाट होणं. दही लागतं, वड्या पडतात, जेलीला मात्र ‘घट्ट होणं’च बरं. चायना ग्रास फ्रीजबाहेरही घट्ट होतं, जिलेटीनला गारवा लागतो. जिलेटीनमध्ये ताजा अननस घातला तर ते घट्टच होत नाही, त्यातलं एन्झाइम जिलेटीन तोडतं. शिजवलेला किंवा डब्यातला अननस चालतो.

कोशकिडा: नामांचं सोपं आहे. गणितात आणि स्क्रूंना ‘संच’, नाटकात ‘नेपथ्य’, टेनिसमध्ये ‘सेट’च. कंपासपेटीतल्या सेट-स्क्वेअरला मात्र ‘संच चौकोन’ करू नका, तो आपला गुण्या.

शब्दखोर: आणि ‘सेटिंग’?

ओळंबा: मोबाइलमध्ये अनेकवचनी ‘सेटिंग्ज’ ठेवा. ‘त्याची वरपर्यंत सेटिंग आहे’ म्हटलं की ते साटंलोटं, ते इंग्रजी कोशात शोधू नका.