फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर धावायचं कुठल्या कडेने?

पहाटपावलं:
रस्ता दुपदरी, दुभाजक नाही, फूटपाथ नाही, वाहनं डावीकडून चालतात. धावायची वेळ पहाटेची, म्हणजे निम्मं अंतर अंधारात. वाहनांकडे तोंड करून, म्हणजे उजव्या कडेने धावा, असं सगळेच सांगतात. पण तीन शंका आहेत. पाठीमागून येणारं वाहन आपल्याच दिशेने जात असतं, मग त्याच्याशी वेगातला फरक कमी नाही का? आंधळ्या वळणावरही उजवी कडच धरायची का? आणि रोज एकाच कडेने धावलं की रस्त्याच्या उतारामुळे गुडघा धरतो म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

सावधचाल:
पहिल्या शंकेचं गणितच मांडू. वाहन ताशी ६० किमी, तुम्ही ताशी १०, मधलं अंतर १०० मीटर. समोरासमोर असाल तर ते साधारण ५ सेकंदांत संपतं, वाहन पाठीमागून येत असेल तर ७ सेकंदांत. म्हणजे पाठमोरं धावताना दोन सेकंद जास्त मिळतात, हे खरं. पण ते ड्रायव्हरला मिळतात, तुम्हाला नाही. तो पेंगत असेल किंवा मोबाइलमध्ये असेल तर सातच्या सात वाया. समोरासमोर असताना पाच सेकंद दोघांच्याही हातात असतात, आणि डांबर सोडून बाजूला व्हायला तुम्हाला एक सेकंद पुरतो.

रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही रस्त्यावरून चालणाऱ्यांनी वाहतुकीच्या विरुद्ध बाजूची कड धरावी अशी शिफारस आहे. त्यातच ‘तसं करणं धोक्याचं नसेल तर’ अशी सूट आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. शिवाय सायकल ढकलत नेणारे आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली एकत्र जाणारे गट यांनी वाहतुकीच्याच बाजूने जावं असंही म्हटलंय. तीस जणांच्या घोळक्याला एका सेकंदात डांबराखाली उतरता येत नाही, त्यामुळे ते पटण्यासारखं आहे. चार-पाच जण असाल तर उजवी कड आणि एकामागे एक.

समोरून येणारं वाहन दिसून उपयोग कधी, तर बाजूला व्हायला जागा असेल तेव्हा. उजव्या कडेला कठडा, भिंत किंवा उघडं गटार असेल आणि डावीकडे रुंद साइडपट्टी असेल, तर तेवढ्या पट्ट्यापुरतं डावीकडे जा.

वळणवाट:
उजवी कड धरून धावताना रस्ता उजवीकडे वळला की तुम्ही वळणाच्या आतल्या अंगाला असता. झाडी, दरड, भिंत जे काही असेल ते नेमकं तुमच्या आणि समोरच्या ड्रायव्हरच्या मध्ये येतं. अशा वळणाच्या बऱ्याच आधी, दोन्हीकडचं स्वच्छ दिसत असतानाच, रस्ता ओलांडून बाहेरच्या अंगाला जा आणि वळण संपून सरळ रस्ता दिसू लागला की परत या. वळणाच्या तोंडाशी पोचल्यावर ओलांडणं सगळ्यात वाईट. डावीकडच्या वळणावर तुम्ही आपोआप बाहेरच्या अंगाला असता, तिथे काही करायची गरज नाही.

चढाच्या माथ्यावर बाजू बदलून फायदा नाही, दोन्हीकडून सारखंच झाकलेलं असतं. तिथे डांबराखाली उतरून माथा पार करा.

वळणापेक्षाही फसवी जागा म्हणजे उजवीकडून येऊन मिळणारा छोटा रस्ता. त्यातून बाहेर पडून डावीकडे वळणारा ड्रायव्हर त्याच्या उजवीकडे बघत असतो, कारण त्याला हवी ती फट तिकडच्या वाहतुकीत मिळणार असते. तुम्ही येता त्याच्या डावीकडून. त्याची मान तिकडे वळलेलीच नसते, आणि फट मिळाली की तो तसाच गाडी सोडतो. म्हणून त्याच्या पुढून जायचं नाही. थांबा किंवा गाडीच्या मागून जा. नजरानजर झाली असं वाटलं तरी त्याची चाकं थांबली आहेत का ते बघा. जिथे वाहनं उजवीकडून चालतात तिथे हे सगळं आरशासारखं उलटं धरायचं.

तिरपीचाल:
उजव्या कडेला एक धोका पाठीमागूनही येतो, तो कुणी सांगत नाही. ओव्हरटेक करणारं वाहन तुमच्या पाठीमागून तुमच्याच लेनमध्ये शिरतं. समोरचा रस्ता रिकामा दिसतो तेव्हाच ते शिरतं, म्हणजे तुम्हीही निर्धास्त असता तेव्हा. चुकीच्या बाजूने (राँग साइडने) जाणाऱ्या दुचाकीही याच कडेने मागून येतात.

सावधचाल:
बरोबर. म्हणून इयरफोन नकोतच. अगदीच हवा असेल तर एकच, तोही उजव्या कानात, म्हणजे रस्त्याकडचा डावा कान मोकळा राहतो. समोर रस्ता रिकामा आणि मागून दोन इंजिनांचा आवाज चढत असेल तर मागे बघत न बसता आधी खाली उतरायचं. विजेवरच्या गाड्यांना इंजिनाचा आवाज नसतो, वेगात टायरचा घासल्यासारखा आवाज तेवढा येतो. तो ओल्या रस्त्यावर चांगला कळतो, कोरड्यावर वाऱ्यात हरवतो.

खडीवाला:
उताराबद्दल. डांबरी रस्त्याला पाणी वाहून जावं म्हणून मध्यापासून कडेकडे साधारण २ ते २.५ टक्के उतार देतात, त्याला कॅम्बर म्हणतात. मीटरमागे २०–२५ मिलिमीटर. कोनात जेमतेम दीड अंश. धावताना पावलं जवळजवळ एका रेषेत पडतात, दोन्हींत १० सेंटिमीटर अंतर धरलं तरी उंचीतला फरक अडीच मिलिमीटरच्या वर जात नाही. त्यामुळे ‘एक पाय आखूड पडतो’ हे जरा ताणलेलं आहे. पाऊल तिरकं पडतं हे मात्र खरं: उजव्या कडेला डावं आतल्या बाजूला कलतं, उजवं बाहेरच्या. तासभर तसं धावलं की घोट्याला आणि गुडघ्याच्या कडेला जाणवू शकतं.

खरा त्रास शेवटच्या अर्ध्या मीटरचा. तिथे कड खचलेली असते, उतार जास्त असतो. दोन्ही बाजूंना वाहन दिसत नसेल तेव्हा कडेपासून मीटरभर आत धावा, दिसलं की बाहेर. उपाय म्हणून एक दिवस उजवी, एक दिवस डावी कड असं करू नका. त्यापेक्षा आठवड्यातलं काही अंतर सपाट मैदानावर काढा. वळणावर तर अख्खा रस्ताच आतल्या अंगाला कललेला असतो, ६–७ टक्क्यांपर्यंत, म्हणजे चार अंश.

आणखी एक. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात बऱ्याचदा चार-पाच बोटांची पायरी असते. खाली उतरताना अर्धं पाऊल डांबरावर आणि अर्धं हवेत पडलं की घोटा मुरगळलाच. पूर्ण पाऊल पलीकडे टाका.

पहाटपावलं:
हे सगळं उपयोगी आहे. अंधारासाठी फ्लुरोसंट पिवळं जॅकेट पुरेल ना?

वळणवाट:
नाही. फ्लुरोसंट रंग उजेडातल्या अतिनील किरणांवर उजळतो, त्यामुळे दिवसा आणि संधिप्रकाशात उत्तम, हेडलाइटमध्ये त्याचा काही उपयोग नाही. रात्री रिफ्लेक्टर पट्टीच लागते. ती छातीपेक्षा घोट्यांवर आणि गुडघ्यांवर लावा. डिपरचा झोत खाली असतो, आणि वरखाली होणाऱ्या दोन पट्ट्या दिसल्या की माणूस आहे हे ड्रायव्हरला लगेच उमगतं. छातीवरची एकच पट्टी मैलाच्या दगडावरही असू शकते. पाण्याची पिशवी पाठीला लावत असाल तर जॅकेटची पट्टी झाकली जात नाही ना, ते बघा.

ताशी ६० ला दीड सेकंद प्रतिक्रियेत २५ मीटर जातात, कोरड्या रस्त्यावर ब्रेकला आणखी २०. डिपरमध्ये नीट दिसतं तेही साधारण तेवढंच. गडद कपड्यांत तुम्ही त्याला दिसता तोवर उशीर झालेला असतो. पुढे पांढरा दिवा, पाठीला लाल. पांढरा कमरेला लावा किंवा डोक्यावर असेल तर खाली झुकवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

उजाडल्यावर सूर्य पाठीशी असेल तर तुमची लांब सावली समोरच्या गाडीकडे पडते. ती दिसली की समजा, त्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर ऊन आहे आणि तुम्ही त्याला दिसत नाही. तेवढा वेळ साइडपट्टीवरूनच धावा.