आरोग्य विमा नोकरीला का बांधलेला असावा?

ओहायोकर:
अमेरिकेचा नागरिक झाल्यापासून मी एकही निवडणूक चुकवलेली नाही. दोन्ही पक्षांच्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण एका बाबतीत माझं मत पक्कं आहे: आरोग्य विमा नोकरीपासून सोडवायला हवा. तो सरकारने द्यावा की खासगी कंपन्यांनी, हा पुढचा वाद. आधी तो मालकाच्या हातातून काढा.

ही व्यवस्था कोणी बसून, विचार करून आखलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. कारखान्यांना माणसं तर हवीच होती, मग पगाराऐवजी विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला आयकर नाही हे पक्कं केलं. युद्ध संपलं, निर्बंध उठले, ही गाठ मात्र राहिली. आज पंधरा कोटींहून जास्त लोकांचा विमा असा नोकरीतून येतो.

माझी नोकरी गेली तेव्हा बायकोला सातवा महिना होता. महिनाअखेरीस विमा संपणार होता. नोकरी सुटल्यावर जुना विमा काही काळ चालू ठेवायची 'कोब्रा' नावाची कायदेशीर सोय घेतली तर तोच विमा चालू राहतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. तेही पगार बंद असताना. नंतर नवी नोकरी लागली, नवा विमा आला, आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षभरात आपण खिशातून भरायची रक्कम, पुन्हा शून्यापासून सुरू. त्या वर्षात आधी भरलेला एक डॉलरही धरला नाही. बाळंतपणानंतर पाकिटं येत राहिली. वर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही', खाली तीन रकाने: हॉस्पिटलने लावलेली रक्कम, विम्याने मान्य केलेली, आणि आपल्या माथी आलेली. तान्हं बाळ मांडीवर घेऊन बायको ते रकाने जुळवत बसायची. याचा आणि माझ्या कामाचा संबंध काय?

डॅलसचे काका:
तुमच्यावर वेळ वाईट आली, हे मान्य. पण दुसरी बाजूही ऐका. माझं वर्कशॉप आहे, तीसेक माणसं. विमा द्यायची कायद्याची सक्ती पन्नास माणसांपासून पुढे, तरी मी देतो. पंचविशीतला वेल्डर आणि साठीतला सुपरवायझर, दोघांच्या पगारातून सारखेच पैसे कापतो. उद्या दोघांना बाजारात एकेकटे सोडलेत तर सुपरवायझरला कितीला पडेल? ओबामाकेअरच्या बाजारात, जिथे माणूस स्वतःचा विमा स्वतः घेतो, वयस्क माणसाला तरुणाच्या तिप्पट हप्ता लावायची मुभा आहे. शिवाय क्लेम अडकला की तो माझ्याकडे येतो, मी एजंटला फोन लावतो. एकट्या माणसाला दाद कोण देतं?

ओहायोकर:
काका, तुमच्यासारखे मालक असते तर मी हा धागा काढलाच नसता. पण तो हप्ता तुमच्या खिशातून जातो असं मला वाटत नाही. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी साडेपंचवीस हजार डॉलर होता. त्यातले सव्वासहा हजारांच्या आसपास कामगार उघडपणे भरतो, उरलेले कंपनी. ते उरलेले म्हणजेही कामगाराची मजुरीच, फक्त त्याच्या हातात न पडलेली. आणि तुमचा तो सुपरवायझर उद्या थकून नोकरी सोडायची म्हणाला, तर? मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा, मिळतो ६५ व्या वर्षी. मधली चार-पाच वर्षं केवळ विम्यासाठी रेटणारी माणसं मी रोज बघतो.

बे एरियाची नर्मदा:
मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते. दादा, तुम्ही अर्ध्यावर थांबताय. नुसता मालक बाजूला करून काय होणार? एकाच एमआरआयला या कंपनीचा एक दर, त्या कंपनीचा दुसरा, आणि पूर्वपरवानगीचे फॉर्म प्रत्येकाचे निराळे. पेशंट टेबलावर झोपायच्या आधी आमच्या दोन मुली फोन धरून बसलेल्या असतात. साध्या, सरकारी मेडिकेअरच्या पेशंटला ही कटकट फारच कमी. १९६६ पासून ती चालू आहे, म्हातारी माणसं तिच्यावर नाराज नाहीत. मग ती सगळ्यांना द्या.

डॅलसचे काका:
ताई, हे करून बघायला निघालेलं राज्य आहे. व्हरमॉन्टने २०११ मध्ये सगळ्यांना सरकारी विमा द्यायचा कायदा केला. २०१४ च्या डिसेंबरात त्यांच्याच डेमोक्रॅट गव्हर्नरने तो गुंडाळला, कारण हिशेब मांडला तर पगारांवर साडेअकरा टक्के नवा कर आणि शिवाय आयकरात भर, असा आकडा आला. २०१६ मध्ये कोलोराडोत अशाच योजनेवर मतदान झालं, जवळजवळ ऐंशी टक्के लोक विरोधात. घोडं इथेच पेंड खातं. पैसे कुठून आणणार हे कोणी सांगत नाही.

नर्मदा:
पैसे आत्ताही जातातच की, काका. देशाच्या उत्पन्नातला सहावा हिस्सा आरोग्यावर जातो. कर म्हटलं की दिसतो, हप्ता म्हटलं की दिसत नाही, एवढाच फरक.

टोरांटोहून:
आमच्याकडे बिल येत नाही, हे खरं. पण वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इतके महिने थांबलो की ते काठीवरून वॉकरवर आले. ते थांबणंही हिशेबात धरा.

एच१बीवाला:
आमचं, नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांचं, काय? नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा. विमा सुटा झाला तर निदान तेवढे दोन महिने मुलाचा इनहेलर तरी चालू राहील. मला मत नाही, तुम्हाला आहे, म्हणून लिहिलं.

ओहायोकर:
यासाठीच मी म्हणतो, कॅनडासारखा सरकारी विमा की काकांच्या टेक्साससारखा मालकाचा, अशी निवड करायची गरज नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येकाने विमा स्वतः घ्यायचा, खासगी कंपन्यांकडूनच, आणि मूळ विम्यासाठी कंपनीला कोणालाही नाकारता येत नाही. कमी उत्पन्नवाल्यांना सरकार हप्त्यात मदत देतं. नोकरी बदला, विमा तोच.

डॅलसचे काका:
तिथले हप्ते भरमसाट आहेत आणि दरवर्षी लोक ओरडतात. आणि मुख्य म्हणजे तिथे विमा सक्तीचा आहे. आपल्याकडे विमा न घेणाऱ्याला दंड होता, तो २०१९ पासून शून्य केला. सक्ती नसेल तर धडधाकट माणूस घेणार नाही, आजारी तेवढे उरतील, आणि हप्ता आभाळाला भिडेल. माझ्या तीस जणांच्या गटात तरणे आणि म्हातारे आपोआप एकत्र येतात. तुमच्या योजनेत त्यांना एकत्र कोण आणणार?

ओहायोकर:
सक्ती. ती परत आणावी लागेल, आणि हे मी डेमोक्रॅट, रिपब्लिकन दोघांच्या उमेदवारांना विचारणार आहे. २०२५ मध्ये सरकार ४३ दिवस बंद पडलं ते विम्याच्या सबसिडीवरून, पण तेव्हाही नोकरीची ही गाठ सोडवण्याबद्दल एकाही बाजूने आग्रह धरला नाही. विम्याच्या हप्त्यावरची करसवलत मालकाकडून काढून थेट माणसाला द्या, सोबत सक्ती आणा. तुमच्या सुपरवायझरचा हप्ता वाढला तर त्याला त्यातून मदत करता येईल. काका, असा कायदा आला तर तुम्ही विरोधात मत द्याल?

डॅलसचे काका:
वयाप्रमाणे तिप्पट हप्ता लावायची मुभा त्यात ठेवली असेल, तर देईन. ती काढली तर विचार करेन.