मदत हवी आहे: हॉलिवूडचे १९३४ च्या आधीचे सिनेमे, कुठला सेट घ्यावा? (तातडीचे!)

सांजवेळ७२
नमस्कार मंडळी. माझा दादा शनिवारी रात्री न्यू जर्सीहून निघतोय. बॅगेत एका सेटपुरती जागा ठेव म्हणून बजावलंय. हॉलिवूडमध्ये सेन्सॉर यायच्या आधीचे जे सिनेमे होते, १९३० ते ३४ चे, त्यांचे बॉक्स हवे आहेत. 'फॉरबिडन हॉलिवूड' नावाचेच दहा खंड दिसताहेत, शिवाय युनिव्हर्सलचा वेगळा, क्रायटेरियन कंपनीचे वेगळे. दादाला यातलं ओ की ठो कळत नाही, मलाही नाही. एकच घ्यायचा तर कुठला? 'सगळेच छान आहेत' असं कृपया नको. आज गुरुवार आहे.

रिळवाला
कोणासाठी? डीव्हीडी की ब्लू-रे? प्लेअर कुठला? बजेट?

सांजवेळ७२
बाबांसाठी. प्लेअर आहे घरी, व्यवस्थित चालतो.

कोपऱ्यातला_प्रोजेक्टर
खंड ३. डोळे झाकून. दिग्दर्शक विल्यम वेलमनचे सहा सिनेमे, चार डिस्क. त्यात 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड' आहे, १९३३ चा. मंदीत बापाची नोकरी गेली म्हणून घरात एक तोंड कमी करायला निघालेली पोरं मालगाड्यांच्या टपावरून गावोगाव फिरतात. त्यातल्या एकाच्या पायावरून गाडी जाते. रूळ, पोरगं आणि येणारं इंजिन, एवढंच दिसतं, पण मी अजूनही तो भाग आला की उठून पाणी प्यायला जातो. लोक 'प्री-कोड' (याच काळातल्या सिनेमांचं नाव) म्हटलं की रेशमी गाऊन आणि उघड्या पाठी शोधतात. खरा माल हा आहे.

धोंडूनाना
आधी एक दुरुस्ती. 'सेन्सॉर यायच्या आधीचे' हे साफ चूक. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा राज्यांची मंडळं तेव्हाही कात्री चालवत होती. सिनेमा हा निव्वळ धंदा, त्याला अभिव्यक्तीचं संरक्षण नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९१५ मध्येच सांगून टाकलं होतं. हेज कोडही (पडद्यावर काय दाखवायचं नाही याचे हॉलिवूडचे नियम) मार्च १९३० मध्ये लिहून, मान्य करून झाला होता. फक्त तो कोणी पाळत नव्हतं. जुलै १९३४ पासून हा कोड राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कचेरीचा दाखला सक्तीचा झाला आणि मग चाप बसला. म्हणजे 'अंमलबजावणीपूर्व' म्हणा.

सांजवेळ७२
बरं, अंमलबजावणीपूर्व. कुठला घेऊ?

चहाटळ_चिमणी
नाना, हलके घ्या 😄
ताई, मी उलटं सांगते. वेलमन वगैरे बाबांना दाखवून घरात सुतक आणू नका. क्रायटेरियनच्या एक्लिप्स मालिकेतला आठवा सेट घ्या, दिग्दर्शक लुबिचचे संगीतपट. १९२९ ते ३२ मधले चार सिनेमे, त्यातल्या तिघांत गायक-नट मॉरिस शेव्हालिए. दार बंद होतं, कॅमेरा बाहेरच थांबतो आणि आत काय चाललंय ते आपल्याला सगळं कळतं. कापायला येणाऱ्याच्या हाताला काही लागायचंच नाही!

कोपऱ्यातला_प्रोजेक्टर
शॅम्पेन पिणाऱ्या राजेरजवाड्यांची गाणी. निम्मी अमेरिका भाकरीला मोताद असताना.

चहाटळ_चिमणी
म्हणून तर तिकीट काढून जात होते ना लोक? भाकरीचं दुःख घरीच होतं की.

खारका_बदाम
सेट कुठलाही घ्या, पण डिस्कना बुरशी येते हे कोणीच सांगत नाहीये. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बूट-चपलांच्या खोक्यातल्या चालतात. डिस्क पुसताना मधून कडेकडे पुसायचं, गोल गोल नाही.

रिळवाला
सांजवेळ, 'व्यवस्थित चालतो' हे उत्तर नाही हो. प्लेअरच्या मागे पृथ्वीचा गोल आणि त्यात आकडा असतो, तो बघा. तो रीजन, म्हणजे कुठल्या भागातल्या डिस्क चालणार ते. इथे घेतला असेल तर ५ असणार. अमेरिकेतली डीव्हीडी रीजन १ ची, लागणार नाही. ब्लू-रेचंही तेच. अमेरिका ए, आपण सी.
दुसरं, बाबांना सबटायटल्स लागतात का?

सांजवेळ७२
बाबा ऑफिसात सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत करायचे, त्यांना कशाला लागतील.

धोंडूनाना
अवांतर: आपल्याकडची गंमत बघा. १९२० पासून मुंबईत सेन्सॉर मंडळ होतं, तरी ताजमहालाच्या गोष्टीवरच्या 'शिराज'मध्ये (१९२८) आणि 'कर्मा'मध्ये (१९३३) चुंबनं आहेत. सरकारला भीती राजकारणाची होती. १९२१ चा 'भक्त विदुर' काही ठिकाणी बंद पाडला, कारण विदुर गांधींसारखा दिसत होता!

परदेशी_पापड
+१ नाना. 'शिराज' ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने काढलाय, अनुष्का शंकरच्या संगीतासह. तोच घ्या ना त्यापेक्षा.

सांजवेळ७२
अहो मुगल नकोयत. धाग्याचा काश्मीर करू नका, प्लीज. नीट सांगते. बाबा ८४ वर्षांचे आहेत. कॉलेजात असताना कॅम्पात मॅटिनीला त्यांनी 'वॉटर्लू ब्रिज' पाहिला होता, व्हिव्हियन लीचा. गेल्या महिन्यात कुठेतरी वाचलं की त्याच्याही आधी एक होता आणि तो 'न कापलेला' आहे. तेव्हापासून रोज विचारताहेत. आणि हो, ऐकायला कमी येतं. टीव्हीचा आवाज शेजारच्यांना पाठ झालाय.

रिळवाला
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर नाना १९१५ ला गेले नसते!

फॉरबिडन हॉलिवूड, खंड १. वादच नाही. १९३१ चा 'वॉटर्लू ब्रिज' त्यात आहे. दिग्दर्शक जेम्स व्हेल, मे क्लार्क नायिका, बेटी डेव्हिस छोट्या कामात. १९४० च्या सिनेमासाठी एमजीएम स्टुडिओने हक्क घेतले आणि जुना कित्येक वर्षं कोणाच्या नजरेस पडू दिला नाही. बाबांना सांगून ठेवा, व्हिव्हियन ली बॅलेवाली आणि मग तिच्यावर देह विकायची वेळ येते. इथे मे क्लार्कवर ती वेळ आधीच आलेली आहे, पडद्यावर सरळ दिसते.

त्याच सेटमध्ये 'बेबी फेस' (१९३३) दोन्ही रूपांत आहे. न कापलेली प्रत २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, साधारण पाच मिनिटांनी लांब. बार्बरा स्टॅनविक बँकेत एकेक साहेब पटवत वर चढते आणि कॅमेरा इमारतीच्या बाहेरून एकेक मजला वर सरकतो. मूळ प्रतीत तिचा म्हातारा चांभार तिला तत्त्वज्ञ नीत्शे वाचून दाखवतो, पुरुषांचा वापर कर म्हणतो. कापलेल्या प्रतीत त्याच चांभाराच्या तोंडी सदाचाराचा उपदेश. दोन्ही पाठोपाठ लावा, कोडने काय केलं ते कळायला पुस्तक लागत नाही.

सबटायटल्सचं म्हणून विचारलं होतं. खंड ४ पासून पुढचे मागणीनुसार कोऱ्या डिस्कवर उतरवलेले आहेत, त्यांना सबटायटल्स नाहीत. बाबांच्या कामाचे नाहीत. पहिले तीन खंड कारखान्यात छापलेले निघाले, २००६ ते २००९ मध्ये. दादाला म्हणावं, खोक्याच्या मागे इंग्लिश सबटायटल्स लिहिलंय का ते वाचूनच पैसे दे. वापरलेला मिळाला तरी चालेल.

चहाटळ_चिमणी
हे मात्र पटलं. माझा लुबिच मागे घेते, पुढच्या फेरीला.

परदेशी_पापड
युनिव्हर्सलचा २००९ चा सहा सिनेमांचा सेटही वाईट नाही. पण नाव युनिव्हर्सल आणि आतले सहाही सिनेमे पॅरामाउंटचे, हे काय गौडबंगाल?

धोंडूनाना
पॅरामाउंटने १९५० च्या आधीचे बहुतेक बोलपट १९५८ मध्ये एमसीए या कंपनीला विकले आणि पुढे एमसीए-युनिव्हर्सल एकच झालं. गौडबंगाल नाही, व्यवहार आहे.

सांजवेळ७२
आकडा बघितला. प्लेअर पालथा करायला शोकेसच्या मागे हात घालावा लागला, जाळी हाताला चिकटली. ५ आहे. आता?

रिळवाला
लॅपटॉपमध्ये लावा आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. ड्राइव्हचं रीजन बदलता येतं, पण फक्त पाच वेळा, मग कायमचं अडकतं. एकदा १ करा आणि सोडून द्या.

सांजवेळ७२
लॅपटॉपला सीडीचा खणच नाहीये.

रिळवाला
मग दादाला यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्हही आणायला सांगा. वहीपेक्षा मोठा नसतो.

कोपऱ्यातला_प्रोजेक्टर
एवढी जागा होतेय तर खंड ३ पण…

सांजवेळ७२
दादाला मेसेज केलाय. त्याचं उत्तर आलं: 'वॉटर्लू ब्रिज तर मी परवाच घेतला, रंगीत कव्हरवर व्हिव्हियन ली आहे.' मी फोन करते त्याला.

नवखा_प्रेक्षक
धागा वाचला नाही, पण बजेट किती आहे?