नानकटाईच न्या

इथे अमेरिकेत ऑफिसच्या डिसेंबरमधल्या कुकी एक्स्चेंजला (म्हणजे सगळ्यांनी कुकीज आणून आपसात वाटून घ्यायच्या) घरचं काय न्यावं, असं विचारलंय तुम्ही. माझं मत नानकटाईला! दरवर्षी तीच नेते. प्रत्येकजण थोड्या थोड्या घरी नेतो, म्हणून आठवडाभर टिकणारंच काहीतरी हवं. आयसिंगवाल्या कुकीज डब्यात एकमेकींना चिकटतात. तूप वितळवू नका, रवाळच घेऊन पिठीसाखरेबरोबर पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा. मैद्यात थोडं बेसन, वेलची, जायफळ. लहानच वळा, मोठ्या मोडतात. ३५० फॅरनहाइटला साधारण १५ मिनिटं. मऊ वाटल्या तरी बाहेर काढा, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. अंडं नसल्याने शाकाहारी सहकारीही खातात. वर पिस्ते लावलेत तर डब्यावर ठळक लिहा, अ‍ॅलर्जी असते लोकांना. आणि मऊ कुकीजबरोबर एका डब्यात ठेवू नका हं, सादळतात.