मदत हवी आहे: शनिवारसाठी कच्च्या भाज्यांचा खाऊ. फ्रोजन मटार तसेच वाढले तर चालतील का?

निशिगंध_भांडुप
शनिवारी दुपारी घरी वीस-पंचवीस माणसं आहेत. खाऊ कच्च्या भाज्यांचाच करायचाय. शिजवलेलं नको, फोडणी तर अजिबात नको. फ्रोजन मटार, फ्रोजन मका आणि ती गाजर-फरसबीची मिक्स पिशवी मी आणून ठेवलीय. पिशवीतून काढून, पाणी निथळून तसंच वाढलं तर चालतं ना? आणि ताज्या भाज्यांचं असं काय करता येईल जे दोन-तीन तास आधी करून ठेवलं तरी त्याला पाणी सुटणार नाही? नेटवर बघितलं तर सगळं केल आणि झुकिनीचं, ते नको. लवकर सांगा प्लीज, उद्या ऑफिसातून येताना दादरला उतरून बाकीची भाजी घ्यायचीय.

मुळ्याची_शेंग
काकडी चोचवून घ्या, किसू नका. किसली की अर्ध्या तासात पातेल्यात तळं होतं. चोचवलेल्या काकडीला थोडं मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा, मग मुठीत घेऊन हलक्या हाताने पिळा. ते पाणी ताकात घाला, टाकू नका. वाढायच्या आधी दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, साखर, बारीक मिरची. फोडणी नको असेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरा. कूट जरा जाडसर हवं, उरलेलं पाणी तेच ओढून घेतं. बीट मात्र वेगळ्या भांड्यात ठेवा, नाहीतर सगळंच गुलाबी.

बिनसाखरेचा
कच्चं खायचं तर डिहायड्रेटर, म्हणजे भाज्या सुकवायचं मशीन, घ्याच. माझ्याकडे आहे. ४६ ते ४८ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे ते कच्चंच धरलं जातं. टोमॅटो, बीट, पालक सगळं कुरकुरीत होतं. बीटाच्या चकत्या सुरीने नाही, किसणीच्या पात्यावर काढा. रात्रभर लावून ठेवायचं. पावसाळ्यात मशीनमधून काढल्या काढल्या बरणीत भरा, दहा मिनिटंही ताटात ठेवल्या तर मऊ पडतात.

निशिगंध_भांडुप
@बिनसाखरेचा, शनिवारसाठी मशीन कुठून आणू? परवावर आलंय. फ्रोजनचं सांगा ना कुणीतरी.

पावशेर
आधी तीन गोष्टी सांगा. खाणारे कोण आहेत, लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी कुणी? खाऊ फ्रीजबाहेर किती वेळ राहणार? आणि कच्चंच का? त्याशिवाय फ्रोजनबद्दल हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही.

निशिगंध_भांडुप
घरचेच सगळे. फ्रीज आहे. कच्चं हवंय म्हणून हवंय, त्याने काय फरक पडतो?

थंडगार
काही फरक पडत नाही, बिनधास्त वाढा. फ्रोजन मटार गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात. त्याशिवाय रंग टिकत नाही, चव गवतासारखी होते. म्हणजे ते अर्धे शिजलेलेच असतात. आमची मुलं फ्रीजरमधून काढून गोळ्यांसारखे तोंडात टाकतात, कुणाला काही झालेलं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, काकडी, मुळा, टोमॅटो फ्रीजरमध्ये ठेवू नका. आतल्या पाण्याचा बर्फ होताना पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर लगदा हातात येतो.

पावशेर
@थंडगार, उकळत्या पाण्यातून काढतात हे बरोबर, पण त्यानंतर पाण्याने गार करणं, पट्ट्यावरून नेणं, पिशवीत भरणं हे सगळं असतं. तिथे जंतू लागू शकतो आणि फ्रीजरमध्ये तो मरत नाही, नुसता झोपून राहतो. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात फ्रोजन मक्यातून लिस्टेरिया पसरला होता. पाच देशांत ४७ जण आजारी पडले, ९ दगावले. माग हंगेरीतल्या एका कारखान्यापर्यंत लागला. असा मका लोक बऱ्याचदा सॅलडमध्ये न शिजवताच घालतात. पिशवी उलटून वाचा, बहुतेक कंपन्या शिजवून खा असंच लिहितात.

थंडगार
युरोपातलं सांगून इथे घाबरवू नका. आपण रस्त्यावरची पाणीपुरी खाणारी माणसं.

पावशेर
पाणीपुरीने आजारी पडणारेही आपणच. ऑगस्टमध्ये कुठल्याही दवाखान्यात जाऊन बसा.

वसईकर
दादरला संध्याकाळी जाऊ नका, सकाळी लवकर जा. वसईहून लोकलने भाजी येते ती पहाटेचीच, संध्याकाळी उरलेलं मिळतं. मुळा, कोथिंबीर, पुदिना जुडी सोडून बघून घ्या. आत पिवळी पानं निघाली तर परत द्या, भाजीवाल्या मावशी बदलून देतात. गाजर सध्या केशरी मिळेल, लाल दिल्ली गाजर थंडीशिवाय नाही. आणि कच्ची खायची पालेभाजी रेल्वे रुळांच्या कडेची नको. तिथे नाल्याचं पाणी देतात हे आपण रोज गाडीतून बघतो.

निशिगंध_भांडुप
@वसईकर, सकाळी ऑफिस असतं हो, ८:१२ पकडते मी.

कडधान्ये_काकू
अगं, मोड आलेली कडधान्यं विसरलात सगळे! मूग, मटकी, मेथी, राजमा, सगळ्याला मोड आणायचे. वर कांदा, टोमॅटो, लिंबू, चाट मसाला. पोट भरतं, दोन तास ठेवलं तरी काही होत नाही. मुगाला फडक्यात घट्ट बांधून ठेवलं की मोड छान येतात.

पावशेर
काकू, राजमा कच्चा मुळीच नको. मोड आले तरी नको. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, मूठभर दाण्यांनीही उलट्या सुरू होतात. तो भिजवून, पाणी टाकून, चांगला खळखळ उकळावाच लागतो.

कडधान्ये_काकू
बरं, राजमा काढते. मूग-मटकीला काय झालं? आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या खातात.

रात्रपाळी
काकू, मोड आणायला ऊब आणि ओल लागते, आणि जंतूंनाही तेच लागतं. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय पसरला, पन्नासवर माणसं गेली. बी बाहेरून आलेलं होतं, जंतू बियावरच असावा असं तपासात मानलं गेलं. म्हणून वरून कितीही धुतलं तरी उपयोग नाही. पाच मिनिटं वाफ द्या, चव जात नाही.

कोबीप्रेमी
आणि कोबी? पत्ताकोबीतली अळी मेंदूत जाते म्हणतात, म्हणून आमच्याकडे कच्चा कोबी बंद केलाय. माझा तर जीव आहे कोबीच्या पचडीवर.

रात्रपाळी
कोबीत दिसते ती हिरवी अळी मेंदूत वगैरे जात नाही. त्रास टेपवर्मच्या अंड्यांचा, ती डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या विष्ठेने घाण झालेलं पाणी किंवा माती लागली की ती कुठल्याही कच्च्या भाजीवर असू शकतात, कोथिंबिरीवरसुद्धा. बाहेरची चार-पाच पानं काढून टाका, बाकीचं एकेक पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली चोळा. अख्खा गड्डा पाण्यात बुचकळून काढणं म्हणजे धुणं नव्हे.

आजीचा_बटवा
पोटॅशियम परमँगनेटचे दोन खडे पाण्यात टाकायचे, पाणी फिकं गुलाबी झालं पाहिजे. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो तेव्हापासून हेच करतो.

थंडगार
त्यापेक्षा व्हिनेगर.

आजीचा_बटवा
व्हिनेगरचा वास भाजीला राहतो.

पावशेर
दोघांनीही आधी नळ सोडा आणि चोळा, नंतर काय ते टाका. गाजर, बीट, मुळा धुऊन सोला, सोलल्यावर पुन्हा धुवा. निशिगंध, माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. खाणारं कोण?

निशिगंध_भांडुप
अहो, वहिनीचं डोहाळजेवण आहे! सातवा चालू आहे. तिला पहिल्यापासून फोडणीचा वास सहन होत नाही, तेल तापलं तरी ती उठून बाल्कनीत जाते. काकडी, गाजर, मटार एवढंच आनंदाने खाते. तिच्या डोहाळजेवणाला सगळ्यांनी तिचंच आवडतं खायचं असं ठरलंय, म्हणून सगळं कच्चं. आता तरी सांगा फ्रोजनचं.

रात्रपाळी
हे पहिल्या ओळीत हवं होतं हो. मी प्रसूती विभागात परिचारिका आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. फ्रोजन मटार, मका, मिक्स भाजी तिला तशी देऊ नका. आधी पावशेर यांनी सांगितलेला लिस्टेरिया गरोदर बाईला लवकर धरतो. तिला नुसती कणकण येते, अंग दुखतं, पण बाळाला धोका मोठा: गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, जन्मल्या बाळाला संसर्ग. हा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, म्हणून फ्रीजमध्ये ठेवलंय एवढ्यावर जाऊ नका. कच्चे मोड नकोत. न धुतलेली पालेभाजी नको, मातीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो. सोललेली काकडी-गाजर, नीट धुतलेला टोमॅटो, घरी तापवलेल्या दुधाचं दही खुशाल द्या. तिच्या डॉक्टरांना एक फोन करून हे सगळं वाचून दाखवा.

थंडगार
गरोदर बाईचं असेल तर माझा वरचा प्रतिसाद धरू नका, नाही द्यायचे तसे.

कडधान्ये_काकू
आणि पपईची कोशिंबीर मी सुचवणार होते, ती तर नकोच नको. अभिनंदन हो निशिगंध! बोटीतलं करताय की झोपाळ्यातलं? पेढा-बर्फीच्या वाट्या ठेवणार ना?

फुलवाली_नाही
फुलांचा साज दादरच्या फुलबाजारात आदल्या दिवशी सांगून ठेवा. आयत्या वेळी कमरपट्टा मिळत नाही, नुसते बाजूबंद मिळतात.

निशिगंध_भांडुप
झोपाळ्यातलं. साज सांगून झालाय. पण खाण्याचं काय? एवढ्या पिशव्या आणल्यात. आणि शिजवलेलं म्हटलं की ती तोंड फिरवते.

मुळ्याची_शेंग
निशिगंध, तिला शिजवलेलं नको आहे की वास नको आहे? तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी वाटतं वासच. उकडलेल्या गार मटाराला कसला वास? पाण्याला खळखळ उकळी आली की मटार टाका, परत उकळी आल्यावर तीन मिनिटं, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. हिरवेगार राहतात, दाताखाली कच्च्यासारखेच लागतात. मका तसाच, जरा जास्त वेळ. ती बाल्कनीत असताना करा, तिला कळणारही नाही.

रात्रपाळी
अगदी हेच. फक्त बर्फ घरच्या फिल्टरच्या पाण्याचा हवा, मासळीवाल्याकडचा किंवा सरबताच्या गाडीवरचा नको. खायचा नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम राज्यात २०१८ साली आला, तरी पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असं धरू नका.

निशिगंध_भांडुप
हे मला सुचलंच नव्हतं. वासच, बरोबर. परवा गार भात-दही तिने व्यवस्थित खाल्लं होतं. मग मटाराचं नुसतं वाटीत देण्यापेक्षा काही छान होईल का?

मुळ्याची_शेंग
गार झालेले मटार जाडसर भरडा. मिक्सर एकदाच फिरवा, पेस्ट नको. त्यात ओलं खोबरं, कोथिंबीर, आल्याचा थोडा कीस, लिंबू, मीठ. काकडीच्या बोटभर जाड चकत्या करा, मधल्या बिया चमच्याने थोड्या कोरा म्हणजे वाटी होते, तिच्यात हे भरा. वर डाळिंबाचा एकेक दाणा. चकती कोरल्यावर पाच मिनिटं स्वच्छ फडक्यावर पालथी घाला, पाणी फडक्याला लागतं आणि सारण ओलं होत नाही. आधी प्रत्येक काकडीचा तुकडा खाऊन बघा. कडू निघाली तर ती आख्खी बाजूला. देठ चोळून भागवू नका.

बिनसाखरेचा
हे बाकी चांगलं आहे. डिहायड्रेटर असता तर वर बीटाचा चुरा पण टाकता आला असता.

पावशेर
गाजराच्या बोटांबरोबर चक्का द्या. दही टांगून, त्यात पुदिना वाटून, सैंधव, जिरेपूड. गाजरं चिरून गार पाण्यात ठेवली तर कडक राहतात, वाढताना पुसून घ्या. ताटं एकदम सगळी बाहेर काढू नका. अर्धी फ्रीजमध्ये, पहिली संपली की दुसरी. या हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं तिच्या पानात नको, ओटीभरण लांबलं तरी.

आजीचा_बटवा
लिंबाची डाळ पण होईल. हरभऱ्याची डाळ भिजवून भरडायची, तिला थोडी वाफ द्यायची, गार करून लिंबू, खोबरं, मिरची. फोडणी घातली नाही तरी छान लागते.

निशिगंध_भांडुप
ठरलं. काकडीच्या वाट्या मटार भरून, गाजर-चक्का, मक्याचे दाणे डाळिंब घालून, चोचवलेली काकडी आणि आजींची लिंबाची डाळ. वाफवलेले मूग थोडे, सासूबाईंना हवेत. मिक्स पिशवी फ्रीजरमध्येच राहू दे, पुलावाला होईल. डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही फ्रोजन न उकडता नको असंच सांगितलं. शेवटचे दोन प्रश्न: मटार शुक्रवारी रात्री उकडून ठेवू का? आणि चक्का रात्री टांगायचा तर ओट्यावर की फ्रीजमध्ये?

रात्रपाळी
मटार शुक्रवारी रात्री चालतील. उकडून, गार करून, कोरड्या झाकणाच्या डब्यात, लगेच फ्रीजमध्ये. कच्चं मांस-मासळी असेल तर त्याच्या वरच्या कप्प्यात. भरडणं मात्र शनिवारी सकाळी.

पावशेर
चक्का फ्रीजमध्येच. चाळणीत फडकं, खाली पातेलं, वर ताटली. पातेलं खोल घ्या, नाहीतर निवळीत चाळणी बुडते आणि सकाळी दही तसंच पातळ राहतं.