वीसपर्यंत घडाघडा, पण चार बिस्किटं देता येईनात

छकुलीची आई: एक विचारायचं होतं. आमची साडेतीन वर्षांची, वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणते. आज वाटीत छोटी बिस्किटं होती, म्हटलं "मला चार दे". तिने मूठ भरून माझ्या हातावर ठेवली. मोजून घेतली तर नीट मोजते, पण "मग किती आहेत?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरू! काही चुकतंय का?

पहिल्या मजल्यावरच्या काकू: अगं, काही चुकत नाही. बालवाडीत मी हेच रोज बघायचे. अंक गाण्यासारखे पाठ होतात. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजे सगळी मिळून तेवढी, हे कळायला बऱ्याच मुलांना चौथं वर्ष लागतं. तेही एकदम नाही. आधी "एक दे" जमतं, काही महिन्यांनी दोन, मग तीन. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या सुमारास मुलांकडून अशाच वस्तू मागून हे टप्पे दाखवले. तू चार सोड, दोन माग.

पिंट्याचे बाबा: आमच्याकडे वेगळंच. दोघांना पाच-पाच बिस्किटं दिली. ताईने तिची लांब मांडली, तर पिंट्याचं रडणं सुरू, "तिला जास्त!"

पहिल्या मजल्यावरच्या काकू: हो, लांब रांग म्हणजे जास्त असं त्यांना वाटतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे, त्यांनी हे फार पूर्वी नोंदवलं. पण 1967 च्या एका प्रयोगात गोळ्या खायला मिळणार म्हटल्यावर अगदी लहान मुलंही जास्त गोळ्यांची आखूड रांग उचलायची! म्हणून वाद घालू नका. त्याचं एक बिस्किट, ताईचं एक, अशी समोरासमोर जोडी लावायला सांगा. उरलं का काही, त्याचं तोच बघेल.

छकुलीची आई: द्राक्षं चालतील का मोजायला?

पहिल्या मजल्यावरच्या काकू: अख्खी नको गं, घशात अडकतात. उभी चिरून चार फोडी कर. पाच वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणेही नकोत. आणि कृपा करून, बरोबर उत्तर आलं तरच खाऊ, असं कोणी करू नका. खाता खाता विचारायचं, "एक गट्टम केलंस, आता किती राहिली?" चुकलं तर आपणच मोजायचं, "एक, दोन, तीन. तीन आहेत." शेवटचा आकडा पुन्हा म्हणायचा, तो फार महत्त्वाचा.

छकुलीची आई: काकू, आत्ताच करून बघितलं. तीनदा "दोन दे" म्हटलं, तिन्ही वेळा बरोबर दोनच दिली! तीन मागितली की मूठ.

पहिल्या मजल्यावरच्या काकू: मग आता महिनाभर तीनच माग.